सैनिकाचे अपंगत्व आणि नकाराचे पत्र

(सोलापूर येथे माजी सैनिक, त्यांचे कुटुंबीय आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोलापूर हे चार हुतात्म्यांचे गाव. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले; त्यांचे पुतळे आजही या शहराच्या चौकात उभे आहेत. बलिदानाचा मान कसा राखावा, हे या गावाला कोणी शिकवावे लागत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये नगरोट्याच्या हल्ल्याशी झुंजताना पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी धारातीर्थी पडले, तेव्हा सारा जिल्हा त्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी झाला. समाजाची ही कृतज्ञता खरी आहे, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु आजचा विषय त्याहून निराळा आहे. जो तिरंग्यात लपेटून आला नाही, जो एके दिवशी ट्रंक आणि बिछाना घेऊन मोहोळ किंवा कुर्डुवाडीच्या फलाटावर मुदतीआधीच उतरला आणि ज्याच्याविषयी गावात ‘काय झालं म्हणून पाठवून दिलं असेल?’ अशी दबक्या आवाजात चर्चा झाली, अशा सैनिकाचा हा विषय आहे. सेनेने त्याला वैद्यकीय कारणास्तव घरी पाठविलेले असते. काही महिन्यांनी एक पत्र येते. इंग्रजीत, चार-सहा ओळींचे. त्याचा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, सबब अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा नामंजूर करण्यात येत आहे, असा त्याचा आशय. लष्करी कागदपत्रांत या शेऱ्याची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘नाना’ असा शब्द होतो. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे, आधाराचे माणूस. या नानाने मात्र हजारो घरांचा आधार काढून घेतला आहे.

पत्राच्या शेवटच्या ओळीत बहुधा असेही असते, की या निर्णयाविरुद्ध सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. ती ओळ वाचली जात नाही. वाचली तरी तिचा अर्थ कोणी सांगत नाही. ‘सरकारनेच नाही म्हटले, आता कोणाशी भांडायचे?’ असे म्हणून पत्र कपाटातल्या पिशवीत जाते आणि जवान साखर कारखान्याच्या किंवा बँकेच्या दारात सुरक्षा रक्षक म्हणून उभा राहतो. फिट येण्याचा आजार असेल, तर ती नोकरीही टिकत नाही.

जखम दिसते, तेव्हा प्रश्न त्यामानाने सोपा असतो. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सेनेच्या ई.एम.ई. विभागातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. (त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे तिथेही देशाने सेहेचाळीस वर्षे वेळ घेतलाच.) जखमी देहाची काळजी घेण्याची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. खडकीची क्वीन मेरी संस्था १९१७ पासून जायबंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवीत आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून त्यांना हात-पाय देत आले. तुटलेल्या पायाविषयी कोणी विचारीत नाही, की हा भरतीपूर्वीच तुटला होता काय. वाद होतो तो न दिसणाऱ्या आजारांचा. अपस्मार, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पाठीच्या मणक्यांचे विकार, कानांनी ऐकू न येणे आणि ज्याचे नावही घरात उच्चारले जात नाही तो मनोविकार.

समजा, माढा तालुक्यातील एक तरुण एकोणिसाव्या वर्षी सेनेत भरती झाला. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी त्याला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत तपासले. छाती मोजली, डोळे पाहिले, कान पाहिले, आणि त्याच्या कागदावर कोणत्याही व्याधीची नोंद केली नाही. पुढे नऊ-दहा वर्षे तो सीमेवर, हिमावर, वाळवंटात राहिला. एके रात्री पहाऱ्यावर असताना त्याला फिट आली. उपचार झाले, पुन्हा आली. वैद्यकीय मंडळ बसले, वीस टक्के अपंगत्व नोंदविले गेले आणि त्याला घरी पाठविण्यात आले. आता प्रश्न असा, की हा आजार कोठून आला, हे सिद्ध कोणी करावयाचे? त्या जवानाने, की सरकारने?

बहुतेकांचे उत्तर असते की जवानाने. आणि हेच उत्तर चुकीचे आहे. सेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन नियमावलीनुसार दोन अटी आहेत: अपंगत्व सेवेमुळे आलेले अथवा बळावलेले असावे, आणि ते वीस टक्के किंवा अधिक असावे. परंतु ही पहिली अट कशी तपासावी, हे १९८२ च्या हक्क-नियमांनी ठरवून दिले होते. भरतीच्या वेळी कागदावर ज्या व्याधीची नोंद नाही, ती व्याधी तेव्हा नव्हती असे गृहीत धरावे. आपला हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर टाकू नये. आणि रास्त शंका असेल तर तिचा लाभ दावेदाराला द्यावा. आजार भरतीच्या तपासणीत सापडणे शक्यच नव्हते, असे मंडळाला वाटत असेल, तर तसे कारणांसह लिहावे. नियमातील कळीचा शब्द ‘कारणांसह’ हा आहे. सारे प्रकरण पुढे याच एका शब्दावर फिरते.

धरमवीर सिंह हे सिग्नल्स कोअरमधील शिपाई. जून १९८५ मध्ये भरती, आणि १ एप्रिल १९९४ रोजी अपस्माराच्या कारणाने सेवामुक्त. अपंगत्व वीस टक्के. वैद्यकीय मंडळाने लिहिले की आजाराचा सेवेशी संबंध नाही. का नाही, ते लिहिले नाही. दावा नामंजूर झाला. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एकसदस्यीय पीठापुढे ते जिंकले, द्विसदस्यीय पीठापुढे हरले, आणि २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: भरतीच्या वेळी नोंद नाही, मंडळाने कारणे दिलेली नाहीत, मग केवळ ‘संबंध नाही’ हे वाक्य शिपायाचा हक्क हिरावून घेण्यास पुरेसे नाही. माढ्याच्या त्या काल्पनिक जवानाची गोष्ट वाटते तितकी काल्पनिक नाही, हे आता लक्षात आले असेल.

१९९४ ते २०१३. एकोणीस वर्षे. एका शिपायाच्या या चिकाटीचे फळ पुढे असंख्य घरांना मिळाले, कारण त्यानंतर देशभरच्या न्यायपीठांनी हाच निकाल आधारभूत मानला. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. ज्या माणसाला सेना अपंगत्वामुळे घरी पाठविते, त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी कसे असू शकेल, असा तो साधा प्रश्न होता. पंधरा टक्के म्हणून दावा फेटाळायचा आणि त्याच पंधरा टक्क्यांसाठी नोकरीवरून काढावयाचे, ही विसंगती न्यायालयाने मान्य केली नाही. त्याआधी १९९३ सालीच, सॅपर मोहिंदर सिंह यांच्या प्रकरणात, न्यायालयाने बजावले होते की ज्या वैद्यकीय मंडळाने रुग्णाला प्रत्यक्ष तपासले, त्याचे मत अलाहाबादच्या लेखा कार्यालयाने टेबलावर बसून बदलू नये.

तथापि या बाजूला जितका प्रकाश आहे, तितकाच दुसऱ्या बाजूलाही टाकणे हे प्रामाणिकपणाचे आहे. प्रत्येक अपील जिंकले जात नाही. २०१९ साली नरसिंह यादव यांच्या मनोविकाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दावा अमान्य केला. असा विकार भरतीच्या तपासणीत उघड होईलच असे नाही, म्हणून ते गृहीतक यांत्रिकपणे लावता येणार नाही, असे मत न्यायालयाने दिले. उलट २०१३ साली वीर पाल सिंह यांच्या, त्याच स्वरूपाच्या आजाराच्या प्रकरणात न्यायालयाने मंडळाचे त्रोटक मत पुरेसे मानले नाही आणि फेरतपासणीचा आदेश दिला. रजेवर असताना अपघात झाला, तर केवळ ‘रजा ही सेवाच’ एवढे म्हणून भागत नाही. अपघाताचा सेवेशी वाजवी संबंध दाखवावा लागतो, हे २०२२ साली राम सिंह प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. गावच्या जत्रेत मोटारसायकलवरून पडलेल्याला वकिलाने जिंकण्याची हमी दिली, तर ती हमी महागात पडेल. म्हणून खटल्याच्या आशेपेक्षा कागदाचे वाचन आधी झाले पाहिजे.

हे वाचन करताना पहिला प्रश्न सेवामुक्तीच्या तारखेचा. १ जानेवारी २००८ पूर्वी घरी आलेल्यांना १९८२ चे नियम लागू. त्यानंतरच्यांना २००८ चे. आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. २००८ च्या नियमांत ते जुने उदार गृहीतक तसेच्या तसे उरलेले नाही, आणि सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर जातो. तरीही मंडळाने कारणे नोंदविण्याची जबाबदारी संपली, असा त्याचा अर्थ नाही. २०२५ च्या जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या सुमारे तीनशे याचिका एकत्रितपणे फेटाळल्या, त्या प्रामुख्याने याच मुद्द्यावर. ‘जीवनशैलीचा आजार’ किंवा ‘शांत ठिकाणी नेमणूक असताना झालेला आजार’ एवढे शब्द म्हणजे कारण नव्हे. शांत ठिकाणीही सैनिक सैनिकच असतो.

पैशाचा हिशेब कोणी मोकळेपणाने सांगत नाही. तो सांगितला पाहिजे, कारण घर त्यावर चालते. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग: सेवेचा आणि अपंगत्वाचा. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के हा अपंगत्वाचा भाग. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा अखेरचे वेतन तीस हजार रुपये होते. वीस टक्के अपंगत्वाला अठराशे रुपये मिळतील. परंतु पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची पद्धत आली: पन्नासपेक्षा कमी असेल ते पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असेल ते पंचाहत्तर, त्याहून अधिक ते शंभर. म्हणजे अठराशेचे साडेचार हजार होतात. शिवाय महागाईभत्ता. मंत्रालयाने २००१ सालच्या पत्राने हा लाभ केवळ वैद्यकीय कारणाने मुदतीआधी काढलेल्यांना दिला. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांना दिला नाही. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला आणि सरकारची आठशेहून अधिक अपिले एकाच फटक्यात निकालात निघाली. तेव्हा ज्यांना पेन्शन मिळते आहे, त्यांनीही आपल्या पी.पी.ओ.वर अपंगत्वाची टक्केवारी काय लिहिली आहे हे पाहावे. वीस किंवा तीस तसेच राहिले असेल, तर अर्ज करण्यास जागा आहे.

आता वेळेविषयी. तरसेम सिंह हे १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये सेवामुक्त झाले. न्यायालयात गेले १९९९ साली. सोळा वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दार बंद होत नाही; मात्र थकबाकी मिळेल ती याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांचीच. म्हणजे १९८३ ते १९९६ ही तेरा वर्षे गेली ती गेली. मुलांच्या शाळेची तेरा वर्षे. कपाटातल्या त्या पिशवीची किंमत एवढी असते.

अपिलाचा मार्ग कसा आहे? पहिले अपील अभिलेख कार्यालयामार्फत, ज्याला सैनिक रेकॉर्ड ऑफिस म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला. ते अमान्य झाले तर दुसरे अपील, वरिष्ठ समितीकडे. तेथेही नकार आला, अथवा सहा महिने उलटूनही उत्तर आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झाले आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. एक न्यायमूर्ती आणि एक निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी अशी त्याची रचना. म्हणजे निर्णय देणाऱ्यांपैकी एकाने स्वतः गणवेश घातलेला असतो. त्यापूर्वी जवानाला उच्च न्यायालयाच्या रिट याचिकेखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आता रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबई गाठता येते. प्रत्येक तारखेला स्वतः जाण्याचीही गरज नसते.

मात्र येथे एक नवी अडचण उभी राहिली. न्यायाधिकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग कायद्याने अरुंद ठेवला होता. २०२३ च्या मार्चमध्ये परशोत्तम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उच्च न्यायालयाचे दार दोन्ही पक्षांना खुले आहे. सैनिकाला ते हवेच होते. पण त्याच दाराने मंत्रालयही आले, आणि जिंकलेल्या जवानाच्या पाठोपाठ रिट याचिका दाखल होऊ लागल्या. दिल्लीच्या त्या तीनशे याचिका याच लाटेतल्या. ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांपूर्वी निवाडा दिला, त्याच मुद्द्यावर एका निवृत्त हवालदाराला पुन्हा वकील करावयास लावणे हे शासनाला शोभत नाही, हे स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे. सरकार कोणत्या पक्षाचे आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

वस्तुतः हे शासनालाही ठाऊक आहे. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी २०१५ साली तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. सैनिकांविरुद्धची कोर्टबाजी कमी कशी करावी, हा तिचा विषय. निवृत्त लेफ्टनंट जनरलपासून कारगिलमध्ये पाय गमावलेल्या मेजर डी. पी. सिंह यांच्यापर्यंत माणसे तीत होती. त्याच वर्षी अहवाल आला. अपंगत्वाच्या दाव्यांतील अनावश्यक अपिले हा तिच्या चिंतेचा मोठा भाग होता. गोव्याच्या या साध्या राहणीच्या मंत्र्याने प्रश्न नेमका ओळखला होता. दुर्दैवाने मंत्रालयातील फायलींची चाल त्यांच्या स्कूटरइतकी वेगवान नव्हती.

मंत्रालयाची बाजूही निव्वळ हटवादाची नाही, हेही नमूद करावयास हवे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार, निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे ३६ ते ४० टक्के अपंगत्व निवृत्तिवेतनाचे मानकरी ठरत होते. जवानांत हेच प्रमाण १५ ते १८ टक्के होते. वरच्या पदावरील काहीजण निवृत्तीच्या तोंडावर आजार नोंदवून लाभ घेतात, ही तक्रार लष्करातही होती. २०२३ चे कडक नियम त्यातून आले. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत तर ‘अपंगत्व’ हा शब्दच बदलून टाकण्यात आला. गैरवापर रोखलाच पाहिजे. परंतु वातानुकूलित कार्यालयातील एखाद्याच्या चलाखीचा दंड सांगोल्याच्या शिपायाने भरावा, हा न्याय होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी अशा सभांत बोलली जात नाही, पण घरोघरी आड येते. अनेक निष्ठावान सैनिकांना अपील करणे म्हणजे सेनेविरुद्ध उभे राहणे वाटते. ‘ज्या पलटणीचे मीठ खाल्ले, तिच्यावर खटला कसा भरू?’ ही भावना उदात्त आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु खटल्यातील प्रतिवादी पलटण नसते. ‘भारत सरकार’ असते. कित्येक वेळा कमांडिंग ऑफिसरने आपल्या निवेदनात जवानाच्या कठीण नेमणुकांची प्रामाणिक नोंद केलेली असते आणि तीच पुढे त्याच्या कामी येते. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नाकरा प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले की निवृत्तिवेतन ही मालकाने मेहेरबानी म्हणून दिलेली बक्षिसी नव्हे. ती केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेली हक्काची गोष्ट आहे. भरतीच्या दिवशी सैनिकाने शपथ घेतली, तसे त्या दिवशी राष्ट्रानेही एक वचन दिले. त्या वचनाची आठवण करून देणे, यात बेइमानी कसली?

मनोविकाराच्या बाबतीत तर ही संकोचाची भिंत दुहेरी असते. पती रात्री ओरडत उठतो, चार-चार दिवस बोलत नाही, हे पत्नी शेजारणीलाही सांगत नाही; मुलीचे लग्न जमायचे असते. परिणामी उपचारांचे कागद साठत नाहीत, आणि अपिलाच्या वेळी हाताशी काही राहत नाही. सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी, औषधांची पावती, लष्करी रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्ज कागद, काहीही फेकू नये.

येथे शिकलेल्या माणसांचे काम सुरू होते. वकिलाची गरज नंतर. आधी गरज आहे ती इंग्रजी वाचणाऱ्या एका माणसाने सैनिकाच्या ओट्यावर तासभर बसण्याची. मुलगी बी.कॉम. झालेली असेल, पुतण्या बँकेत असेल, शाखेत येणारा एखादा शिक्षक असेल. डिस्चार्ज बुक, नकाराचे पत्र आणि वैद्यकीय मंडळाचा अहवाल, हे तीन कागद प्रथम शोधावे. अहवाल बहुधा घरात नसतो. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचे शुल्क भरून रेकॉर्ड ऑफिसकडून त्याची प्रत मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवस. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी मागावयास विसरू नये, कारण ‘नोंद नव्हती’ हे त्याच कागदावरून दिसते. ज्यांना कोणतेही पेन्शन मिळालेले नाही, त्यांनी विशेष घाई करावी. अशांची सेवा-कागदपत्रे साधारण पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सोलापुरात आहे, ते केवळ मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आणि ओळखपत्रासाठी नव्हे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना कायदेशीर मदत मिळावी, हा तिचा हेतू. ही मदत आपल्या जिल्ह्यात कोणत्या दिवशी आणि कोणाकडून मिळते, हे कार्यालयात जाऊन विचारावे. विचारणारे वाढले की देणारेही जागे राहतात. आणि सैनिक स्वतः हयात नसेल, तर वीरपत्नीपुरताच हक्क असतो असे कोणी सांगितल्यास ते ऐकू नये. आजाराने निवर्तलेल्या माजी सैनिकाची पत्नीही त्याच्या हयातीतील थकबाकीसाठी दाद मागू शकते.

वैद्यकीय मंडळाचा अहवाल हाती आला, की पहिल्या पानापासून वाचण्याची घाई नको. छापील नमुन्यात आजार सेवेमुळे आहे की नाही, याचा एक रकाना असतो, आणि त्याच्या शेजारी कारणांचा. त्या रकान्यात एक-दोन ठरावीक शब्द असतील किंवा तो रिकामा असेल, तर तेथे पेन्सिलीने खूण करावी, सेवामुक्तीची तारीख आणि नकाराच्या पत्राची तारीख शेजारी लिहावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिक कल्याण कार्यालय उघडण्याच्या वेळी ते तीन कागद घेऊन तेथे हजर व्हावे.